खाडीपलीकडची शिदोरी

खूप खूप वर्षांपूर्वी, म्हणजे आजोबांच्या आजोबांनाही जो ऐकीव वाटायचा अशा काळात, एका खाडीच्या काठावर एक गाव होतं.

थांबा. गाव काही पळून जात नाही. आधी माझा एक मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे चुकून मी शहाणपणाचं बोलले तर तुम्ही ते फार मनावर घेणार नाही. माझ्या घरी एक काचेचं कपाट आहे. त्यात निळ्या काठाच्या चिनी मातीच्या ताटल्या आहेत, लग्नात आलेल्या. कुणी जेवायला आलं की मी त्यांना स्टीलच्या ताटात वाढते आणि जेवताना त्या निळ्या ताटल्या नीट दिसतील अशा बेताने बसवते. पाहुणे म्हणतात, "वा, काय सुंदर!" मी खूश. इतक्या वर्षांत त्या ताटल्यांना वरणाचा थेंब लागलेला नाही, आणि चाळिशी उलटली तरी यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. तर अशा बाईने सांगितलेली ही गोष्ट आहे. चला आता गावात.

गाव खाडीच्या अलीकडे. तिथे भातशेती, नारळाची झाडं आणि चुन्याने रंगवलेलं चर्च. पलीकडे मिठागरं, आणि मिठागरांत राबणाऱ्यांच्या झोपड्या. दोन्ही काठांना मिळून एकच धर्मगुरू. दर रविवारी मिठागरवाले होडीतून अलीकडे यायचे, मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, सगळ्यांच्या मागे उभे राहायचे, ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यायचे आणि पाणी चढायच्या आत परत जायचे.

फादर तरुण होते. आवाज गोड, बोलणं मऊ. अलीकडच्या गावाचा त्यांच्यावर भलताच जीव. ते विहिरीवर गेले तर बायका त्यांच्या हातातून दोर काढून घ्यायच्या.

"फादर, ठेवा तो! या हातांना अभिषेकाचं तेल लागलंय. याच हातांत आमच्या भाकरीचा प्रभू होतो. त्यांनी काय पाणी ओढायचं?"

फादर आधी लाजायचे. मग लाजणं कमी झालं. मग विहिरीकडे जाणंच बंद झालं. त्यांचे हात लोण्यासारखे मऊ झाले आणि गावाला त्या हातांचा अभिमान वाटू लागला.

दोन्ही काठांवर एक रीत होती. कुणी मरायला टेकलं की फादर मिस्सेतली ती गव्हाची पातळ, पांढरी भाकर एका चांदीच्या डबीत घालून त्याच्या घरी जायचे आणि त्याला भरवायचे. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला रिकाम्या हाती कसं धाडायचं? लोक तिला शिदोरी म्हणत. जन्मात एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊसुद्धा अशा वेळी भांडण बाजूला ठेवून फादरांना बोलवायला धावत. बिनशिदोरीचं कुणी जायचं नाही, हे ठरलेलं.

आणि एका वर्षी पलीकडे ताप आला.

कसला ताप, ते कुणाला कळलं नाही. सकाळी माणूस मीठ ओढत असायचा आणि संध्याकाळी त्याला खाटेवर उचलून न्यावं लागायचं. अलीकडच्या पाटलांनी त्याच दिवशी होडी बंद केली. होडी चालवणाऱ्या बस्त्यावकडून वल्ही काढून घेतली आणि स्वतःच्या माळ्यावर ठेवली.

गाव काही दुष्ट नव्हतं हो. ओहोटीला खाडीच्या मधोमध वाळूचा एक दांडा उघडा पडायचा. तिथे ही माणसं तांदळाची टोपली ठेवून यायची. यांची पाठ वळली की पलीकडचे येऊन ती घेऊन जायचे.

एके सकाळी पलीकडच्या काठावर एक बाई येऊन उभी राहिली. कातरीन तिचं नाव. मिठागरातली धट्टीकट्टी बाई, आवाज असा की भरती मागे फिरावी.

"फादर! ओ फादर! माझ्या बापाला शिदोरी पायजे! लवकर या!"

फादरांनी हाक ऐकली. त्यांनी डबी घेतली, झगा सावरला आणि ते काठाकडे निघाले. पण त्यांच्याआधी गाव तिथे पोचलं होतं. बायका वाटेतच बसल्या. एका म्हातारीने त्यांच्या पायांना मिठी मारली.

पाटील मात्र ओरडले नाहीत. ते समजुतीने बोलले, आणि समजुतीने बोलणाऱ्या माणसाला टाळणं फार कठीण.

"फादर, जायचं तर जा. आम्ही कोण अडवणारे? पण गेलात तर परत येता येणार नाही, तुम्ही ताप घेऊन याल. मग इथे मिस्सा कोण करणार? पोरांचे बाप्तिस्मे? आमची लग्नं, आमची मयतं? एका म्हाताऱ्यासाठी सगळं गाव पोरकं करायचं का?"

फादर थांबले. पाटलांचं म्हणणं त्यांना पटलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना तापाची भीती वाटत होती. ही भीती त्यांनी पाटलांच्या म्हणण्याखाली नीट झाकून ठेवली. कुणाला दिसली नाही. त्यांना स्वतःला तेवढी दिसत राहिली.

"पण तिला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

पाटील खाडीकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. चांगल्या माणसाला वाईट कल्पना सुचली की त्याचा चेहरा असाच उजळतो.

"फादर, तुम्ही तिकडे जाऊ शकत नाही, ते इकडे येऊ शकत नाहीत. पण नजर तर जाते ना? आपण काठावर उंच माच बांधू. तुम्ही तिथे मिस्सा करा. भाकर उंच धरा. पलीकडचे बघतील, हात जोडतील. श्रद्धेने बघितलं तरी प्रभू पावतो की!"

यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच कुणी विरोध केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माच उभा राहिला. बांबूचा, नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेला. फादरांनी मिस्सा केली आणि भाकर दोन्ही हातांनी उंच धरली. पलीकडे माणसं झोपड्यांतून बाहेर आली होती. चिखलात गुडघे टेकून बसली होती. कुणी कुणाच्या आधाराने, कुणी भुईला हात टेकून. अलीकडच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

मिस्सा संपली तशी कातरीनची हाक आली.

"फादर! काय बी दिसत नाय! माणूस दिसतो, हातातलं दिसत नाय!"

बरोबर होतं तिचं. ती भाकर असते केवढी? रुपयापेक्षा जरा मोठी.

गावाने विचार केला. गावाने विचार केला की गाव नेहमी सोप्या बाजूने विचार करतं. भाकर दिसत नाही ना? मग मोठी करा. लोहाराला बोलावलं. भाकर भाजायचा लोखंडी साचा लहान होता, त्याने नवा घडवला. ज्वारीच्या भाकरीएवढा. दुसऱ्या दिवशी फादरांनी तेवढी भाकर उंच धरली.

"आता दिसतं का गं?" पाटील ओरडले.

"जरा जरा!" पलीकडून उत्तर आलं. "पण माझा बाप बाहेर येऊ शकत नाय, पाटील! तो खाटेवर हाय! त्याला कसं दिसणार?"

"दार उघडं ठेव!" पाटील म्हणाले.

लोहाराने आणखी मोठा साचा केला. आता भाकर सुपाएवढी झाली. ती धरताना फादरांचे मऊ हात थरथरायचे, तर दोन तगडे गडी त्यांची कोपरं धरायला उभे राहिले. माचाला कागदी फुलं लागली. वर मांडव आला. समया आल्या. शेजारच्या गावांत बातमी गेली तशी माणसं बैलगाड्या जुंपून बघायला येऊ लागली. उकडलेल्या शेंगा विकणारी बसू लागली. एवढी मोठी भाकर त्या मुलुखात कुणी पाहिली नव्हती. तुम्हाला काय सांगू, मी त्या गावात असते तर पहिल्या रांगेत बसले असते आणि घरी जाऊन महिनाभर तेच सांगत सुटले असते.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. ती भाकर दाखवून झाली की मोडावी लागायची आणि वाटावी लागायची. पवित्र वस्तू, टाकून थोडीच देणार? पण वाटायची कुणाला? समोर असतील त्यांनाच. म्हणजे पलीकडच्यांसाठी म्हणून भाकर जितकी मोठी झाली, तितकी ती अलीकडच्यांनीच जास्त खाल्ली. एकेकाच्या हातावर दोन दोन तुकडे पडू लागले. पलीकडे चिखलात बसलेली माणसं त्यांचे हात तोंडाकडे जाताना बघायची.

दिवस गेले. पलीकडची रांग विरळ होत गेली. आज हा दिसला नाही, उद्या ती दिसली नाही. गाव माच बघत होतं.

एका सकाळी, मिस्सा सुरू व्हायच्या आधी, कातरीन काठावर आली. आवाज तोच, पण आता मधे मधे तुटत होता.

"फादर! बाप विचारतोय, ती भाकर कशी लागते? तो विसरला म्हणतो. तेवढी चव तरी सांगा, मी त्याला जाऊन सांगते!"

फादरांनी तोंड उघडलं. ती भाकर कशी लागते? काही लागत नाही. पातळ असते, जिभेवर ठेवली की विरघळते. चव सांगण्यासारखी तिला नाहीच. ती सांगता येत नाही, ती देता येते.

"सांगा की, फादर," पाटील हळूच म्हणाले. "बिचारी वाट बघतेय."

फादरांनी मान खाली घातली आणि मिस्सा सुरू केली.

त्याच्या पुढच्या सकाळी फादर माचावर चढले तेव्हा पलीकडच्या काठावर कातरीन एकटी होती. तिने गुडघे टेकले नाहीत. उभी होती, होडी बांधायच्या बांबूला धरून.

"आज मोठी करू नका, फादर," तिने हाक दिली. "बघायला मी एकटीच हाय. बाप काल गेला."

"शिदोरी..." फादरांच्या तोंडून निघालं. हळूच निघालं. खाडी ओलांडण्याएवढा आवाज त्यात नव्हता.

पण तिने उत्तर दिलं, जणू ऐकलंच. "तशीच गेली स्वारी. बिनशिदोरीची."

फादरांनी मिस्सा पुरी केली. भाकर उंच धरली, मोडली, वाटली. पण वाटताना आज त्यांनी तुकडे बाजूला काढले आणि चांदीच्या डबीत भरले. मिस्सेच्या अखेरीस धर्मगुरू लोकांना सांगतात, आता शांतीने जा. हे ते रोज सांगायचे, आणि रोज कुणी कुठे जात नसे, शेंगा घेऊन घरी तेवढं जात असे. त्या दिवशी फादरांनी ते शब्द म्हटलेच नाहीत. ते स्वतःच माचावरून उतरले आणि पाण्याकडे चालू लागले.

"फादर!" पाटील धावले. "होडी नाही! वल्ही माझ्या माळ्यावर आहेत!"

"राहू द्या तिथेच," फादर म्हणाले.

"गेलात तर परत यायचं नाही, बोललोय मी!"

"ऐकलंय, पाटील. त्या दिवशीही ऐकलं होतं. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं होतं."

बस्त्याव काठावर बसला होता. त्याने फादरांना बोट करून दाखवलं, कुठल्या बाजूने चिखल कमी आहे ते.

ओहोटी लागली होती, पण पुरती नाही. फादर छातीभर पाण्यातून गेले. डबी डोक्यावर धरलेली. झगा चिखलाने जड झालेला. वाळूच्या दांड्यावर तांदळाची टोपली दिसली. कालची होती. कुणी उचलली नव्हती.

ते पलीकडे पोचले तोवर कातरीन खाली बसली होती. अंगात ताप फणफणत होता. फादरांनी डबी काढली आणि आपल्या हातांकडे बघितलं. चिखल, शेवाळ, कालवांच्या शिंपल्यांनी कापल्याचं रक्त.

"हात धुवायला पाणी आहे का?" त्यांनी विचारलं.

कातरीन हसली. हसताना तिला खोकला आला.

"पाणी आणायला माणूस नाय, फादर. माणूस यावा म्हणून तर हाका मारत होते."

मग फादर विहिरीवर गेले. त्यांना नीट दोर ओढता येईना. पोहरा दोनदा पाण्यात पडला. तळहात सोलले. त्यांनी पाणी आणलं, आधी कातरीनला पाजलं. तिचे चिखलाने माखलेले पाय धुतले. उरलेल्या पाण्यात आपले हात धुतले. आणि मग डबीतला एक तुकडा तिच्या तोंडाशी नेला.

तिने तो बघितला.

"एवढाच? तिकडून तर सुपाएवढा दिसायचा."

"एवढाच असतो," फादर म्हणाले.

तिने खाल्ला. डोळे मिटले. "बापाला पुरला असता," ती म्हणाली.

फादरांना रडू आलं. ते रडले. मग उठले, कारण बाजूच्या झोपडीतून कण्हण्याचा आवाज येत होता.

त्यानंतर ते तिथेच राहिले. एकेका झोपडीत जायचे. पाणी द्यायचे, पेज भरवायचे, घाण काढायचे आणि शेवटी डबी उघडायचे. मिठाच्या बांधावर त्यांनी स्वतः खड्डे खणले. कातरीनच्या बापाच्या खड्ड्याजवळ ते रोज थोडा वेळ उभे राहत. काय बोलत, ते कुणी ऐकलं नाही. कातरीन त्या तापातून उठली. कशी, ते तिलाही कळलं नाही. ती फादरांच्या मागे पाण्याचा हंडा घेऊन फिरू लागली. आणि ज्या दिवशी डबी रिकामी झाली, त्याच्या थोड्याच दिवसांनी फादरांना ताप भरला. त्यांच्या उशाशी ती एकटी होती. ती त्यांना पाणी पाजू शकली, शिदोरी देऊ शकली नाही. तेही बिनशिदोरीचे गेले. मला विचाराल तर त्यांना ते चालणार होतं. कातरीनच्या बापाच्या रांगेत बिनशिदोरीचं उभं राहायला त्यांना लाज कमी वाटली असती.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ताप काही होडीची वाट बघत नाही. तो अलीकडे आला.

पहिले पडले ते पाटील. त्यांचं घर मोठं. सुना, नातवंडं, गडीमाणसं. सगळी अंगणात उभी राहिली. आत कुणी जाईना. पाटलांनी पाणी मागितलं तर सुनेने तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला आणि ती मागे सरली. उंबरा खाटेपासून फार लांब नव्हता. पण पाटील उठू शकत नव्हते. दिवसभर ते तो तांब्या बघत होते.

"शिदोरी," पाटील म्हणाले.

अंगणातल्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी जाऊन चर्चमधला मोठा क्रूस आणला आणि अंगणातून उंच धरला.

"मामंजी, दिसतो का?" सुनेने विचारलं. "दार उघडं ठेवलंय."

पाटलांनी डोळे मिटून घेतले.

अंगणातली आरडाओरड खाडीपलीकडे ऐकू गेली होती. ओहोटी लागली तशी कातरीन पाण्यातून आली. अंगणातून सरळ आत गेली, उंबऱ्यावरचा तांब्या उचलला आणि पाटलांचं डोकं मांडीवर घेतलं.

पाटलांनी तिला ओळखलं. "शिदोरी?" त्यांनी विचारलं.

"शिदोरी नाय, पाटील. ती द्यायला माणूस उरला नाय," कातरीन म्हणाली. "पाणी हाय. प्या."

पाटील प्यायले. आणि गेले.

त्या वर्षी अलीकडचे पुष्कळ गेले, सगळे बिनशिदोरीचे. नवे धर्मगुरू यायला फार उशीर झाला. आल्यावर त्यांनी आधी विचारलं, तो काठावरचा मोडका माच कशाचा आहे?

बोध असा, की प्रभूने आपली भाकर मोडून हातात दिली. ती दाखवायला माच लागतो, पण द्यायला चिखलातून चालत जावं लागतं.

ही गोष्ट मी परवा सासूबाईंना सांगितली. त्या सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. शेवटाला माझेच डोळे भरून आले. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आई, कशी वाटली? सेवेचा अर्थ नीट उतरलाय ना?"

त्यांनी मान वर केली नाही.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावरची रेमेतबाय आठवडाभर अंथरुणावर आहे. काल तिला पेज भरवायला गेले होते, तर ती सांगत होती, तू रोज खिडकीतून छान हात करतेस म्हणून."